कथागीतातील मोकळ्या जागा : लोकगीत, जॅझ आणि १९६८ ची एक मैफल

१

लोकगीत त्याच्या मूळ ठिकाणाहून उचलून मैफलीच्या रंगमंचावर आणले म्हणजे ते लोकगीत राहते काय, हा प्रश्न लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांसमोर वारंवार येतो. त्याला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एका पक्षाच्या मते शेत, अंगण, मद्यगृह किंवा देऊळ ह्यांपासून तुटलेले गीत हा मूळ गीताचा अवशेष होय. त्यावर संस्कार करणारा कलावंत कितीही गुणी असला, तरी त्याच्या हातून घडते ते रूपांतर, आणि रूपांतराचा विचार लोकवाङ्मयाच्या कक्षेबाहेर करावा. दुसरा पक्ष म्हणतो की परंपरा सतत बदलत आलेली आहे. तेव्हा कोणताही बदल परंपरेतच बसतो. पहिले उत्तर फार कडक आहे आणि दुसरे फार सैल. दोहोंत एक समान उणीव आढळते. गीताच्या रचनेत नेमके कोठे काय बदलले, आणि तो बदल सोसण्याची शक्ती त्या रचनेत कोठून आली, ह्याकडे दोन्ही पक्ष फारसे पाहत नाहीत.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित उदाहरणावर तपासून पाहावयाचा आहे. २९ जून १९६८ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये 'पेंटॅंगल' ह्या वाद्यवृंदाची मैफल झाली. तिचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षाच्या अखेरीस 'स्वीट चाइल्ड' ह्या दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाले. एका तबकडीवर ही मैफल आणि दुसरीवर ध्वनिमुद्रणगृहात केलेली गीते, अशी त्या संचाची योजना होती. इंग्रजी लोकगीत आणि अमेरिकन जॅझ ह्यांचा मेळ घालणारा वृंद म्हणून पेंटॅंगलचा उल्लेख संगीताच्या इतिहासात केला जातो. परंतु 'मेळ' हा शब्द फार ढोबळ आहे. इंग्रजी कथागीताच्या बांधणीतच काही जागा मोकळ्या असतात. जॅझ ज्या ठिकाणी त्या जागांतून आत आला त्या ठिकाणी गीत टिकले, आणि बाहेरून नुसता रंग चढविला गेला त्या ठिकाणी गीताला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'बॅलड' ह्या संज्ञेसाठी येथे 'कथागीत' हा शब्द योजिला आहे. 'पोवाडा' हा पर्याय प्रथमदर्शनी सोयीचा वाटतो. परंतु पोवाड्याचा शाहीर श्रोत्यांना उद्देशून बोलतो, वीराची बाजू घेतो, प्रसंगाचे मोल स्वतःच्या तोंडाने सांगतो. इंग्रजी कथागीताचा निवेदक अलिप्त असतो. खून, विश्वासघात, बुडून मरणे ह्या गोष्टी तो ज्या स्वरात सांगतो त्याच स्वरात सकाळ झाल्याचेही सांगतो. हा अलिप्तपणा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

२

प्रथम मैफलीचे स्वरूप पाहू. वृंदात पाच जण होते. बर्ट जान्श आणि जॉन रेनबर्न हे दोघे गिटारवादक. जॅकी मॅकशी ही गायिका. डबल बास वाजविणारा डॅनी थॉम्पसन आणि तालवाद्ये सांभाळणारा टेरी कॉक्स. पहिले तिघे लोकगीतांच्या क्लबांतून पुढे आलेले होते. थॉम्पसन आणि कॉक्स ह्यांची घडण जॅझ व ब्लूज ह्यांत झाली होती, आणि दोघांनीही अलेक्सिस कॉर्नर ह्याच्या वृंदात वादन केले होते. १९६७ साली लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरील 'हॉर्सशू' ह्या मद्यगृहात हे पाच जण नियमितपणे एकत्र वाजवू लागले. वृंदाचे नाव रेनबर्नने सुचविले. 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' ह्या मध्ययुगीन इंग्रजी काव्यात गवेनच्या ढालीवर जो पंचकोनी तारा आहे, त्याचे हे नाव. पाच टोके आणि एकाच अखंड रेषेने काढलेली आकृती, हे त्या ताऱ्याचे वैशिष्ट्य लक्षात घेतले म्हणजे नावाचे औचित्य कळते.

तबकडीवर ह्या मैफलीतील बारा रचना प्रथम प्रसिद्ध झाल्या. पुढे २००१ च्या पुनःप्रकाशनात आणखी काही रचनांची भर पडली. ह्या बारा रचनांची छाननी केली असता एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास येते. त्यांपैकी परंपरागत इंग्रजी गीते दोनच आहेत : 'सो अर्ली इन द स्प्रिंग' आणि 'ब्रूटन टाउन'. तीन रचना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गानपरंपरेतून आलेल्या आहेत. त्यांत मिसिसिपी राज्यातील पार्चमन कारागृहात अॅलन लोमॅक्स ह्यांनी ध्वनिमुद्रित केलेले एक कैद्यांचे गीत, मेम्फिसच्या फरी ल्यूइस ह्या ब्लूजगायकाची एक रचना आणि एक भक्तिगीत ह्यांचा समावेश होतो. दोन रचना चार्ल्स मिंगस ह्या जॅझ-रचनाकाराच्या आहेत. एका भागात तीन जुनी नृत्ये एकामागून एक येतात : सोळाव्या शतकातील फ्रेंच रचनाकार क्लोद झेर्व्हेज ह्याचे एक नृत्य, चौदाव्या शतकातील इटालियन 'ला रोटा', आणि विल्यम बर्ड ह्याची अर्ल ऑफ सॉल्झबरीच्या नावे असलेली रचना. उरलेल्या चार रचना समकालीन होत; त्यांपैकी एक अॅन ब्रिग्ज ह्या लोकगायिकेची आणि बाकीच्या वृंदातील वादकांच्या स्वतःच्या.

ह्याहून अर्थपूर्ण आहे ती सादरीकरणाची रीत. पाचही जण सर्व वेळ एकत्र वाजवीत नाहीत. मिंगसची 'हेशियन फाइट साँग' ही रचना थॉम्पसनच्या डबल बासभोवती उभी राहते. मिंगसचीच 'गुडबाय पोर्क पाय हॅट' ही १९५९ साली निधन पावलेल्या लेस्टर यंग ह्या सॅक्सोफोनवादकाच्या स्मरणार्थ रचलेली विलापिका. ती येथे गिटारींच्या संवादात येते, आणि जान्श व रेनबर्न ह्यांनी १९६६ च्या आपल्या जोडतबकडीतही ती वाजविलेली होती. जुनी नृत्ये रेनबर्न आणि कॉक्स सादर करतात. 'अ वुमन लाइक यू' हे जान्शचे स्वतःचे गीत तो एकटा गातो. 'सो अर्ली इन द स्प्रिंग' मॅकशी कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून गाते. म्हणजे मैफलीच्या मोठ्या भागात दोन परंपरा एकमेकींत मिसळलेल्या नसून एकमेकींच्या शेजारी बसलेल्या आहेत. प्रत्येक परंपरेला तिच्या स्वतःच्या आवाजात बोलू दिले जाते, आणि त्यानंतर थोड्या रचनांत पाचही जण एकत्र येतात. ज्या श्रोत्याने साथीविना गायिलेले लोकगीत नुकतेच ऐकलेले आहे, त्याच्यापाशी 'ब्रूटन टाउन' ऐकताना एक माप तयार असते. मूळ प्रसिद्ध झालेल्या तबकडीच्या शेवटी हे कथागीत येते, हे ह्या दृष्टीने उचितच झाले.

३

लोकसंगीताची जी व्याख्या ह्या काळात अभ्यासकांसमोर होती, तिच्या कसोटीवर हा प्रकार कितपत उतरतो? आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली साव पावलो येथे ठरविलेल्या व्याख्येत तीन घटक सांगितले होते : भूतकाळाशी जोडणारे सातत्य, व्यक्तीच्या किंवा गटाच्या सर्जक प्रेरणेतून येणारे वैविध्य, आणि कोणती रूपे टिकावीत हे ठरविणारी समाजाची निवड. ह्या तिन्ही घटकांची मूळ मांडणी सेसिल शार्प ह्यांनी १९०७ च्या आपल्या इंग्रजी लोकगीतविषयक ग्रंथात केलेली होती. पेंटॅंगलच्या बाबतीत सातत्य आणि वैविध्य ही दोन्ही दाखविता येतात. अडचण आहे ती तिसऱ्या घटकाची. रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तिकीट काढून शांतपणे बसलेला श्रोतृवर्ग हा 'समाज' मानावयाचा काय?

तत्कालीन इंग्लंडमध्ये हा वाद तात्त्विक पातळीवरच राहिला नव्हता. ईवन मॅकॉल ह्यांच्या प्रभावाखालील क्लबांत गायकाने आपल्याच देशाच्या व भाषेच्या परंपरेतील गीते गावीत, असा दंडक होता. इंग्रज तरुणांनी अमेरिकन कापूसमजुरांच्या उच्चारांची नक्कल करू नये, हा त्यामागील आग्रह होता, आणि त्यात तथ्यही होते. ह्याच्या उलट लंडनच्या सोहो भागातील 'ले कझें' सारख्या क्लबांत, जेथे जान्श आणि रेनबर्न वाढले, तेथे ब्लूज, इंग्रजी कथागीत आणि अरबी वळणाचे गिटारवादन एकाच रात्री ऐकावयास मिळे. डेव्ही ग्रॅहम ह्या गिटारवादकाने शर्ली कॉलिन्स ह्या गायिकेबरोबर केलेली १९६४ ची तबकडी ह्या प्रवाहाचा आरंभबिंदू मानली जाते. लंडनच्या संगीतात त्या वर्षांत भारतीय प्रवाहही मिसळत होता. कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे जो हॅरियट ह्यांचा 'इंडो-जॅझ'चा प्रयोग, तसेच मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमांसिओ डिसिल्व्हा ह्यांचे वादन ही त्याची उदाहरणे होत.

अशोक दा. रानडे ह्यांनी संगीताच्या कोटी मांडताना आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन ह्यांच्या जोडीला संगमाचीही एक कोटी मानली. पेंटॅंगलला त्या शेवटच्या कोटीत बसविणे सोपे आहे. परंतु कोटी ठरल्याने संगम कसा घडला हे कळत नाही. त्यासाठी एका रचनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

४

'ब्रूटन टाउन' ह्या कथागीताचा वाङ्मयीन इतिहास लांबचा आहे. ब्रूटन हे इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील खरेखुरे गाव. कथा थोडक्यात अशी : एका सधन घरातील दोन भावांना आपल्या बहिणीचे नोकराशी असलेले प्रेम कळते. ते त्याला शिकारीच्या निमित्ताने रानात नेतात, ठार करतात आणि काटेरी झुडपांत टाकून देतात. घरी परतल्यावर बहीण त्याची चौकशी करते. रात्री प्रियकर रक्ताने माखलेला असा तिच्या स्वप्नात येतो. ती रानात जाऊन त्याचे प्रेत शोधून काढते, तीन दिवस त्याच्यापाशी राहते, आणि अखेर भूक असह्य होऊन घरी परतते.

बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मधील चौथ्या दिवसाची पाचवी कथा वाचलेल्यास हे कथानक ओळखीचे वाटेल. मेसिना शहरातील लिसाबेत्ता, तिचे व्यापारी भाऊ, लोरेन्झोचा खून आणि स्वप्न हा सर्व भाग दोहोंत समान आहे. कीट्सने ह्याच कथेवर 'इसाबेला' हे दीर्घकाव्य रचले. ते १८२० साली प्रसिद्ध झाले. १९१८ मध्ये एच. एम. बेल्डन ह्यांनी ह्या कथागीताच्या विविध पाठांचा बोकाचिओ आणि जर्मन कवी हान्स झाख्स ह्यांच्या रचनांशी तौलनिक विचार केला. सेसिल शार्प ह्यांना हे गीत १९०४ साली सॉमरसेटमधील लँगपोर्ट येथील ओव्हर्ड ह्या गायिकेकडून मिळाले.

तुलनेत दिसणारा सर्वांत मोठा फरक शेवटाचा आहे. बोकाचिओ आणि कीट्स ह्यांच्या नायिकेने प्रियकराचे मस्तक कुंडीत पुरून त्यावर तुळशीच्या जातीचे रोप लावले. तिचे अश्रू त्या रोपाला वाढवितात. भाऊ कुंडी पळवितात आणि ती झुरून मरते. कथागीतात ह्यांपैकी काहीही नाही. तेथे आहे ती भूक. शोकाची परिणती प्रतीकात न होता देहाच्या एका साध्या गरजेत होते. दुसरा फरक निवेदनाच्या गतीचा. कीट्स भावांच्या लोभाची मीमांसा करतो, निवेदक म्हणून मध्येच संतापतो, बोकाचिओला संबोधून बोलतो. कथागीत खुनाला फार तर एखादी ओळ देते. शिकारीचे निमंत्रण, रान, काटे, आणि लगेच बहिणीचा प्रश्न अशा उड्या ते घेते. भावांच्या मनात काय होते, बहिणीने रात्र कशी काढली, स्वप्नातून जागी झाल्यावर ती किती वेळ तशीच बसली, ह्यांविषयी एक अक्षर नाही.

फ्रान्सिस गमिअर ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कथागीताच्या ह्या रीतीचे वर्णन उडी मारणे आणि रेंगाळणे ह्या दोन क्रियांच्या जोडीने केले होते. कथा प्रसंगाप्रसंगांवरून उड्या घेत जाते आणि मोक्याच्या क्षणी थांबते. कागदावर छापलेल्या पाठात उडी दिसते, परंतु उडी आणि पुढचे पाऊल ह्यांमधील काळ दिसत नाही. दोन कडव्यांमध्ये छापणारा एक कोरी ओळ सोडतो. गाणारीच्या मुखी त्या जागी श्वास असतो, शांतता असते, ऐकणाऱ्याच्या मनात भीती दाटून येण्याइतका अवधी असतो. ह्याच त्या मोकळ्या जागा. त्या रचनेतील उणिवा नव्हेत. अलिप्त निवेदकाने जे सांगावयाचे नाकारले, ते श्रोत्याने तेथे भरून घ्यावयाचे असते.

५

जॅझचा संबंध येथे येतो. कथागीत आणि जॅझ ह्यांत वरकरणी काही समान नसले तरी दोहोंची बांधणी आवर्तनी आहे. कथागीतात एकच चाल कडव्यामागून कडवे पुनरावृत्त होते. शब्द पुढे जातात, चाल फिरून मूळ जागी येते. जॅझमध्येही एक निश्चित लांबीचा सांगाडा पुनःपुन्हा फिरतो आणि त्या प्रत्येक फेरीत वादक नवा विस्तार करतो. कथागीतात फेरीचा आशय बदलणारा शब्द आहे; जॅझमध्ये तो बदलणारा स्वर आहे. म्हणून कडव्यांच्या ओळीत मध्येच एखादी फेरी शब्दांवाचून वाद्यांना दिली, तरी गीताचा सांगाडा मोडत नाही. शब्दांची एक फेरी गाळली आणि स्वरांची एक घातली, एवढेच होते.

दुसरा दुवा स्वरव्यवस्थेचा. शार्प ह्यांनी दाखविल्याप्रमाणे इंग्रजी लोकगीतांच्या अनेक चाली आधुनिक युरोपीय मेजर-मायनर पद्धतीत बसत नाहीत; त्या डोरियन, मिक्सोलिडियन, इओलियन ह्या जुन्या स्वरसप्तकांवर उभ्या आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ही स्वरसप्तके अनुक्रमे काफी, खमाज आणि आसावरी ह्या थाटांशी जुळतात. १९५९ सालच्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' ह्या तबकडीने जॅझमध्ये अशाच सप्तकांवर, थोड्या स्वरसंघांच्या आधारे दीर्घ विस्तार करण्याची वाट रूढ केली. म्हणजे दोन्ही परंपरा वेगळ्या कारणांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या होत्या. 'स्वीट चाइल्ड'च्या दुसऱ्या तबकडीवरील 'आय हॅव गॉट अ फीलिंग' हे गीत डेव्हिसच्या 'ऑल ब्लूज' ह्या रचनेवर आधारलेले आहे, ही बाब ह्या दृष्टीने बोलकी आहे.

तिसरा दुवा तालाचा. मैफलीतील 'मार्केट साँग' हे वृंदाचे स्वतःचे गीत सात, अकरा आणि चार मात्रांच्या आवर्तनांतून फिरते. असे विषम ताल हा जॅझवाल्यांचा हट्ट होय, असे पुष्कळांना वाटते. परंतु पर्सी ग्रेंजर ह्यांनी १९०६ पासून लिंकनशर परगण्यात फोनोग्राफच्या साहाय्याने लोकगायकांचे गायन नोंदविले, तेव्हा जुने गायक मात्रा कमीजास्त करीत, ओळींच्या शेवटी काळ ताणीत वा आखडीत गात असल्याचे स्पष्ट झाले. शालेय पुस्तकांसाठी गीते छापताना ही अनियमितता बरीचशी पुसली गेली. तेव्हा टेरी कॉक्स कडव्याला ठोक ताल न देता त्याच्या सभोवती वाजवितो, त्या वेळी तो गीतावर परका भार टाकतो असे म्हणता येत नाही. छपाईने सरळ केलेल्या रेषेला तो पुन्हा वाक देतो. हे पूर्वस्थितीचे पुनरुज्जीवन नव्हे, परंतु गीताच्या स्वभावाशी विसंगतही नव्हे.

'ब्रूटन टाउन'च्या सादरीकरणात हे तिन्ही दुवे एकत्र येतात. गायनाचा मुख्य भार मॅकशीवर आहे आणि जान्श तिला साथ देतो. मॅकशीचा स्वर सरळ आणि स्वच्छ आहे; खुनाच्या कडव्यात तो काळोखा होत नाही, स्वप्नाच्या कडव्यात कापत नाही. निवेदकाचा अलिप्तपणा तिने संपूर्णपणे राखला आहे. भावाचा बदल घडतो तो वाद्यांत. गिटारींची गुंफण कोठे दाट, कोठे विरळ होते, आणि बासचे खोलवरचे स्वर जे शब्दांत आलेले नाही त्याची जाणीव करून देतात. गायिकेने भावना दाखविली असती तर कथागीताचे भावगीत झाले असते. वाद्ये गप्प राहिली असती तर मोठ्या सभागृहात ती शांतता पोकळ वाटली असती. येथे काम वाटून घेतले आहे : सांगणे आवाजाकडे, न सांगितलेले वाद्यांकडे.

ह्या तत्त्वाची ताणलेली परीक्षा वृंदाने पुढे १९७० च्या 'क्रूएल सिस्टर' ह्या तबकडीवर घेतली. तिची संपूर्ण दुसरी बाजू 'जॅक ओरायन' ह्या एकाच कथागीताने, अठरा मिनिटांहून अधिक काळ, व्यापलेली आहे. हे गीत 'ग्लॅसजेरियन' ह्या जुन्या कथागीताचे ए. एल. लॉइड ह्यांनी केलेले नवे रूप होय. मूळचा वीणावादक त्यांनी फिडलवादक केला. ज्या वादकाचे नाव चॉसरच्या 'हाउस ऑफ फेम'मध्येही येते, त्याच्या कथेत वाद्यसंगीताला एवढी मोठी जागा देणे कथेच्याच तर्काला धरून आहे.

ह्याउलट १९६९ च्या 'बास्केट ऑफ लाइट' ह्या तबकडीवरील 'हाउस कार्पेंटर'मध्ये रेनबर्नने सतार वाजविली आहे. जान्शच्या बॅन्जोशी तिचा नाद चांगला जुळतो; परंतु सतारीबरोबर आलाप, रागाची बढत किंवा तालाचे आवर्तन ह्यांपैकी काही आलेले नाही. ती तेथे नादाचा रंग म्हणून आहे. गीत त्याने बिघडत नाही, तसेच उलगडतही नाही. जॅझने कथागीतात जे केले ते सतारीने केले नाही, कारण जॅझची रचनापद्धती आत आली आणि सतारीचे केवळ वाद्य आत आले.

६

आता मघाशी अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाकडे वळू. समाजाच्या निवडीचे काय? लोकगीताचा शुद्ध पाठ म्हणून ज्याकडे पाहिले जाते, तोही एका निवडीतून आलेला आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शार्प ह्यांनी सॉमरसेटमधील गीते पियानोच्या साथीसह प्रसिद्ध केली, आणि काही गीतांतील धीट शब्द सौम्य केले गेले. लँगपोर्टच्या त्या गायिकेला पियानो जेवढा परका होता, तेवढाच डबल बास परका ठरतो, अधिक नव्हे. पियानोयुक्त पाठ दीर्घकाळ शाळांतून 'अस्सल' म्हणून गायिला गेला आणि बासयुक्त पाठ 'प्रयोग' ठरला, ह्यात संगीतापेक्षा संस्थांचा भाग मोठा आहे.

तथापि ह्या मैफलीची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती नाकारता येणार नाही. वृंदाने 'ब्रूटन टाउन' १९६८ मध्येच आपल्या पहिल्या तबकडीवर ध्वनिमुद्रणगृहात गायिले होते, आणि काही आठवड्यांनंतर मैफलीत पुन्हा गायिले. दोन पाठ ताडून पाहिले असता जाणवतो तो सारखेपणा. जॅझ-वादकांची उत्स्फूर्तता असूनही गीताची मांडणी, कडव्यांचा क्रम, वाद्यांच्या प्रवेशाच्या जागा ह्या ठरून गेल्या आहेत. खेड्यातील गायिकेकडे पाठ निश्चित नसतो, स्मरण असते. वृंदाकडे मांडणी निश्चित असते, आणि ती ध्वनिमुद्रणाने कायमची होते. २९ जून २००८ रोजी, बरोबर चाळीस वर्षांनी, हे पाचही जण त्याच सभागृहात पुन्हा एकत्र वाजविण्यास बसले, तेव्हा श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविकपणे तबकडीने घडविलेली होती. जी रचना एकेकाळी अनेक पाठांपैकी एक होती, ती आता पुष्कळांच्या दृष्टीने मूळ पाठ झाली आहे. परंपरेत वैविध्य आणणारी कृतीच वैविध्य थांबविण्यास कारण होते, असा हा विरोधाभास आहे. जान्श २०११ मध्ये आणि रेनबर्न २०१५ मध्ये निवर्तले. त्या पाठाचे कर्ते जात आहेत आणि पाठ मात्र अचल राहिला आहे.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला ह्यातून काय घेता येईल? आपल्याकडील लोकगीतांचे संग्रह प्रामुख्याने शब्दांचे आहेत. मराठीत जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांच्या पुढाकाराने झाले. त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि त्यांतील काही ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. छापील ओवी वाचताना दोन ओळींच्या मधली जागा कोरी दिसते. ध्वनिमुद्रणात त्या जागी जात्याची घरघर आहे, गाणारीचा दम आहे, सोबतिणीने ओळ उचलेपर्यंतचा अवधी आहे. ओवीचा आशय किती प्रमाणात त्या अवधीवर अवलंबून आहे, हा प्रश्न केवळ संगीतशास्त्राचा नव्हे, तो साहित्यविचाराचाही आहे. इंग्रजी कथागीताच्या बाबतीत हा प्रश्न सभागृहातील पाच वादकांनी, सिद्धान्त न मांडता, प्रत्यक्ष वादनातून उपस्थित केला, असे म्हणता येईल.

म्हणून मौखिक रचनेचा पाठ सिद्ध करताना शब्दांचे भेद नोंदवावेत तसे शब्दांमधील अवकाशाचे भेदही नोंदवावेत : गाणारा कोठे थांबतो, किती थांबतो, त्या थांबण्यात काय ऐकू येते. रंगमंचीय आविष्कार ह्या नोंदीत समाविष्ट करण्यास प्रत्यवाय नसावा. त्याची योग्यता मूळ स्थळापासूनच्या अंतरावर ठरवू नये. रचनेने ज्या जागा मोकळ्या ठेवल्या त्यांना त्याने ओळखले काय, आणि जे तिने मुद्दाम अनुच्चारित ठेवले ते त्याने अनुच्चारित राहू दिले काय, ह्या दोन प्रश्नांवर ती ठरवावी. 'ब्रूटन टाउन'च्या त्या सादरीकरणापुरते दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते.